पेटीतल्या जुन्या पाकिटावरचं तिकीट कापू नका. आधी त्यावरचा शिक्का वाचा!

दिवाळीआधी घर आवरायला काढलं की माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. आत जुने दाखले, लग्नपत्रिका, पावत्या आणि तळाशी सुतळीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा. मुंबईच्या गिरणीतून चुलत्याने पाठवलेली आंतरदेशीय, फौजेतल्या आजोबांची पाकिटं, आखातात गेलेल्या मामाची निळ्या-लाल काठाची विमानी पत्रं. मग दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर गठ्ठा रद्दीत जातो. नाही तर शाळेचा प्रकल्प म्हणून पोरगं कात्री घेऊन बसतं, तिकिटं अगदी दात्यांपर्यंत कापून वहीत चिकटवतं आणि उरलेलं पाकीट चुलीत टाकतं.

तिकिटांचा छंद असलेले लोक म्हणतात, दुसरा प्रकार पहिल्याइतकाच वाईट. तिकिटावर पोस्टाने मारलेला काळा गोल शिक्का बघून आपल्याला वाटतं की तिकीट खराब झालं. पण हे पत्र कोणत्या गावातून, कोणत्या दिवशी निघालं हे फक्त तो शिक्काच सांगतो. आणि तो शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर बसलेला असतो. तिकीट कापलं की गावाचं नाव इकडे आणि तारीख तिकडे. जगभर हजारो लोक नुसती तिकिटं जमवत नाहीत, तर तारखेचा शिक्का स्पष्ट उमटलेली तिकिटं शोधत असतात, ती याचसाठी.

शिक्का आला तक्रारीतून

पत्र उशिरा येतं ही तक्रार आजची नाही. इंग्लंडमध्ये १६६१ साली हेन्री बिशप नावाचा माणूस टपाल खात्याचा प्रमुख होता. पत्रं दाबून ठेवतात, उशिरा पोचवतात, अशी लोकांची ओरड होती. त्याने एक छोटा गोल शिक्का काढला. मधोमध रेघ, एका बाजूला महिन्याची दोन अक्षरं, दुसऱ्या बाजूला दिवस. वर्ष नव्हतंच. पत्र पोस्टात कधी आलं हे त्यावर उमटलं की मग कुणाला दडवता येईना. तारखेच्या शिक्क्याची सुरुवात इथून धरतात. म्हणजे तिकीट निघण्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी शिक्का आला!

जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट, पेनी ब्लॅक, ६ मे १८४० पासून इंग्लंडमध्ये चालू झालं. तेच तिकीट पुन्हा कुणी वापरू नये म्हणून त्यावर फुलीसारखा एक शिक्का मारायचे. त्या फुलीत ना गाव, ना तारीख. तारखेचा शिक्का वेगळा, तो पत्राच्या पाठीवर. त्यामुळे पत्रावरून सोडवलेलं पेनी ब्लॅक नेमकं कोणत्या दिवशी वापरलं हे आज सांगता येत नाही. ही तिकिटं छापली गेली सुमारे ६ कोटी ८० लाख, त्यामुळे नाव मोठं असलं तरी वापरलेलं पेनी ब्लॅक तसं दुर्मिळ नाही. पण काही पोस्टमास्तरांनी दिलेल्या दिवसाची वाट न बघता ती आधीच विकली. बाथ या गावातून २ मे १८४० ला निघालेलं एक पाकीट आजही आहे. तिकीट तेच, शाई तीच. किंमत आहे ती चार दिवस आधीच्या तारखेला.

आपल्याकडे सिंध प्रांतात १ जुलै १८५२ रोजी तिकिटं निघाली, ती आशियातली पहिली. साऱ्या देशासाठीची तिकिटं १ ऑक्टोबर १८५४ पासून आली. सुरुवातीला इथेही तिकिटावर नुसत्या ठिपक्यांचा ठसा मारत आणि तारीख पत्रावर दुसरीकडे. पुढे एकाच मुठीला दोन शिक्के जोडले गेले. एका फटक्यात तिकीट रद्द होई आणि शेजारी गाव-तारीखही उमटे. जोडशिक्क्याची अशी तिकिटं कापलेली सापडली की जाणकार कपाळाला हात लावतात, कारण तारखेचा अर्धा भाग गेलेला असतो.

गोलात काय काय लिहिलेलं असतं

आपल्या पोस्टाच्या गोल शिक्क्यात साधारणपणे वरच्या बाजूला पोस्टाचं नाव, मध्ये तारीख आणि खाली पिनकोड किंवा जिल्ह्याचं नाव असतं. नावापुढे इंग्रजी एच.ओ. असेल तर मुख्य पोस्ट, एस.ओ. म्हणजे उपडाकघर आणि बी.ओ. म्हणजे खेड्यातलं शाखा डाकघर. आर.एम.एस. दिसलं तर समजायचं की पत्र रेल्वे टपाल सेवेच्या हातून गेलं. तारखेत आधी दिवस, मग महिना, मग वर्षाचे बहुधा शेवटचे दोनच आकडे.

आता हे वर्ष नेमकं कोणत्या काळातलं, हा प्रश्न तिकिटावरचा राजा किंवा अशोकस्तंभ बघून सुटतो. आणखी एक खूण म्हणजे पिनकोड. तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने बसवली, ते संस्कृतचे मोठे पंडितही होते. शिक्क्यात सहा आकडी पिनकोड असेल तर पत्र त्या तारखेच्या आधीचं असूच शकत नाही. आपला पिनकोड ४ ने का सुरू होतो, हेही त्यांच्याच आखणीतलं.

पाकीट उलटं करून बघायला विसरू नका. पत्र पोचल्यावर तिथलं पोस्टही पाठीवर आपला शिक्का मारत असे. समजा पुढे मुंबईचा शिक्का ३ जूनचा आणि मागे तालुक्याचा ६ जूनचा, तर तीन दिवस लागले. नोकरीच्या मुलाखतीचं पत्र तारीख उलटून गेल्यावर हातात पडलं, असं ज्यांच्या बाबतीत झालंय त्यांना या दोन तारखांचं मोल वेगळं सांगायला नको. पाकीटच फेकून दिलं तर तक्रार तरी कशाच्या जोरावर करणार?

शिक्का पुसट असेल तर मोबाईल कामाला येतो. पाकीट सपाट ठेवायचं, फ्लॅश बंद करायचा, दुसऱ्या मोबाईलची बॅटरी बाजूने तिरपी धरायची आणि फोटो काढायचा. मग फोटो एडिट करताना कॉन्ट्रास्ट वाढवला की नुसत्या डोळ्यांना न दिसणारी अक्षरं बऱ्याचदा वाचता येतात.

पाण्याखाली गेलेल्या गावाचा शिक्का

जुन्या शिक्क्यांवर पूना, शोलापूर, नासिक, ठाणा अशी इंग्रजी काळातली नावं दिसतात. धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतल्या पत्रांवर उस्मानाबाद, औरंगाबाद असणारच. त्याहून वेगळी गोष्ट धरणांची. कोयना, उजनी, जायकवाडी या धरणांच्या पाण्यात कितीतरी गावठाणं गेली. लोक उठून दुसरीकडे वसले. ज्या गावात त्या वेळी पोस्ट होतं, तिथल्या नावाचा आणि तारखेचा शिक्का जुन्या पाकिटावर अजून असू शकतो. वेस, पार, देऊळ सगळं पाण्याखाली, आणि गावाचं नाव एका इंचाच्या गोलात. असं पाकीट बाजारात विकायला नेलं तर कदाचित पन्नास रुपयेही येणार नाहीत. पण त्या गावच्या माणसांना दाखवून बघा.

मराठवाड्याच्या घरांत आणखी जुना माल सापडू शकतो. निजामाच्या हैदराबाद संस्थानाचं टपाल खातं वेगळं होतं आणि तिकिटंही वेगळी. १८७१ च्या सुमाराच्या तिकिटांवर उर्दू, इंग्रजी, तेलुगू यांच्या जोडीने मराठीतही मजकूर होता. १९५० मध्ये संस्थानांची टपालं भारतीय टपालात मिळाली, तेव्हा हे संपलं. गोव्याच्या बाजूला सोयरिक असेल तर डिसेंबर १९६१ च्या आधीच्या पत्रांवर पोर्तुगीज तिकिटं आणि पोर्तुगीज स्पेलिंगातली गावं सापडतील.

आजोबांच्या पत्रावर गावच नाही, नुसता नंबर

फौजेतल्या माणसांच्या पत्रावर मात्र शिक्क्यात गावाचं नाव नसतं. 'फील्ड पोस्ट ऑफिस' किंवा नुसतं एफ.पी.ओ. आणि एक नंबर, मध्ये तारीख. हे मुद्दाम केलेलं असतं. पत्र शत्रूच्या हातात पडलं तरी पलटण कुठे आहे हे कळू नये. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. त्या काळात परदेशी गेलेल्या हिंदी फौजांसाठी पाचव्या जॉर्ज राजाच्या तिकिटांवर आय.ई.एफ. अशी तीन अक्षरं जादा छापली होती. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या फौजी घरांत अशी तिकिटं निघू शकतात.

नुसतं तिकीट हातात असेल तर एवढंच कळतं की ते युद्धातलं आहे. पाकीट अख्खं असेल, नंबर आणि तारीख दोन्ही वाचता येत असतील, तर टपालाचे अभ्यासक तो नंबर त्या महिन्यात कुठल्या तळावर होता हे जुन्या नोंदींवरून काढू शकतात. घरात 'आजोबा बसऱ्याला होते म्हणे' एवढंच सांगत आले असतील, तर त्या 'म्हणे'चा निकाल त्या गोलात लागू शकतो. स्वातंत्र्यानंतर आपली फौज शांतिसेना म्हणून कोरिया, काँगो, गाझा इथे गेली. त्यांच्यासाठीही तिकिटांवर वेगळी अक्षरं छापली गेली. ती पत्रं पन्नास-साठच्या दशकातली, म्हणजे अजून हयात असलेल्या पिढीची. विचारायला माणूस समोर आहे तोवर विचारून घेतलेलं बरं.

देश तसा तारखेचा हिशेब

परदेशी शिक्के वाचताना मात्र जरा गडबड होते. अमेरिकेत महिना आधी, दिवस नंतर. युरोपात आपल्यासारखंच, पण काही जुन्या शिक्क्यांत महिना रोमन आकड्यात. मुसोलिनीच्या काळातल्या इटलीच्या काही शिक्क्यांत नेहमीच्या तारखेशेजारी फॅसिस्ट राजवटीचं कितवं वर्ष तेही रोमन आकड्यात घालत.

सगळ्यात मजा जपानची. तिथल्या जपानी लिपीतल्या शिक्क्यात वर्ष आधी येतं आणि तेही सम्राटाच्या राजवटीचं. शोवा काळातल्या शिक्क्यात ३९ लिहिलं असेल तर ते १९३९ नाही. त्यात १९२५ मिळवायचे, म्हणजे १९६४. तैवानच्या शिक्क्यात १९११ मिळवायचे, ६० म्हणजे १९७१. आपल्याकडे शके आणि संवत यांचा हिशेब पंचांगात करतात, तसाच प्रकार. ज्याला शकात ७८ मिळवून सन काढता येतो त्याला हे काही अवघड नाही.

तीनशे सहासष्ट तिकिटांचा खेळ

या छंदातला एक प्रकार पोरांना फार आवडतो आणि त्याला पैसेही लागत नाहीत. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर, प्रत्येक तारखेचा शिक्का असलेलं एकेक तिकीट जमवायचं. वर्ष कुठलंही, देश कुठलाही चालेल. कॅलेंडरसारखी बारा पानं करायची आणि घरं भरत जायची. कुणी स्वतःच्या जन्मतारखेचीच तिकिटं जमवतात, वेगवेगळ्या देशांची. शिक्का बरोबर तिकिटाच्या मधोमध आणि पूर्ण गोल उमटलेला असेल तर असं तिकीट अदलाबदलीत दोन-तीन तिकिटांना भारी पडतं.

असे शिक्के मिळवायचे कुठून? दुबई, मस्कत, लंडनला कुणी नातेवाईक असेल तर त्याला सांगायचं, पत्र पेटीत टाकू नको, खिडकीवर जाऊन हाताने शिक्का मारून घे. कारण बऱ्याच देशांत आता यंत्राच्या नागमोडी रेघा नाही तर छापील स्टिकर येतं. पोस्टक्रॉसिंग नावाचा उपक्रम २००५ मध्ये पोर्तुगालमधून सुरू झाला. त्यात आपण अनोळखी माणसाला पोस्टकार्ड पाठवतो आणि तिसऱ्याच देशातून आपल्याला एक येतं. नाव नोंदवायला पैसे नाहीत, खर्च कार्ड आणि तिकिटाचा. यात घरचा पत्ता द्यावा लागतो, म्हणून लहान मुलांच्या बाबतीत मोठ्यांनी स्वतः लक्ष घालावं.

शहरात देशोदेशीच्या तिकिटांची तयार पाकिटं मिळतात. ती घेताना एक परीक्षा करावी. तिकीट उलटं करा. शिक्का आहे आणि मागचा डिंकही जसाच्या तसा आहे, तर ते तिकीट कधी पत्रावर बसलेलंच नाही. काही देश विक्रीसाठीच तिकिटं छापून, कोपऱ्यात नीटस शिक्का मारून, ढिगाने विकत. अजमान, फुजैरासारख्या आखाती अमिरातींची साठ-सत्तरच्या दशकातली रंगीत तिकिटं बहुतेक याच जातीची. दिसायला छान, पण तारखेला अर्थ नाही.

आपल्याकडच्या जुन्या पावत्यांवरही तिकिटं असतात आणि त्यावर आडवी सही. १९०६ पासून टपाल आणि महसूल या दोन्हींसाठी एकच तिकीट चालायचं, म्हणून सावकाराच्या पावतीवर राजाचं तोंड आणि खाली अंगठा. ते टपालात गेलेलं तिकीट नव्हे. पावती मात्र अख्खी ठेवा, तिचा उपयोग वेगळा आहे.

कापायचं काय, भिजवायचं काय

साधा नियम असा धरतात: १९७२ च्या आधीचं, फौजेचं, परदेशातलं किंवा गावाचं नाव बदललेलं पाकीट असेल तर हात लावायचा नाही, अख्खं ठेवायचं. कालपरवाच्या साध्या पाकिटावरचं तिकीट हवं असेल तर पूर्ण शिक्का आत येईल एवढा कागद धरून चौकोनी कापावं. भिजवायचंच असेल तर कोमट पाण्यात तिकीट वर ठेवून पंधरा-वीस मिनिटं, आपोआप सुटेल, नखाने ओढायचं नाही. रंगीत पाकिटाचा कागद वेगळा भिजवावा, रंग उतरतो. हल्लीची स्टिकरसारखी तिकिटं पाण्याने नीट सुटत नाहीत, ती कागदासकट ठेवलेली बरी. वाळवायला कोरा टिपकागद, वर जड पुस्तक.

लॅमिनेशन, सेलोटेप, स्टेपलर या तिन्हींनी जेवढी तिकिटं मेली तेवढी कसरीने खाल्ली नसतील. आणि पावसाळ्यात भिंतीला टेकून ठेवलेल्या कपाटात ओल धरते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

लाखाची भूल

आता पैशाची गोष्ट, कारण मोबाईलवर 'जुनं तिकीट विका, लखपती व्हा' असे व्हिडिओ फिरत असतात.

मोठ्या किमतीची तिकिटं खरोखर आहेत. दक्षिण अमेरिकेत ब्रिटिश गयाना नावाची वसाहत होती. तिथे १८७३ मध्ये बारा वर्षांच्या एका मुलाला घरच्या जुन्या पत्रांत एक सेंटचं जांभळट लाल तिकीट सापडलं. त्यावर डेमेराराचा शिक्का, तारीख ४ एप्रिल १८५६. मुलाने ते सहा शिलिंगांना विकलं. त्या जातीचं दुसरं तिकीट आजवर मिळालेलं नाही. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते ८३ लाख डॉलरला गेलं, त्या वेळच्या हिशेबाने साठ कोटी रुपयांच्या घरात. आपल्या गांधीजींच्या १९४८ च्या दहा रुपयांच्या तिकिटावर सरकारी कामासाठी 'सर्व्हिस' अशी अक्षरं छापलेली शंभरच तिकिटं निघाली होती. त्यातली चार २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना विकली गेली.

पण त्याच गांधीजींचं दीड आण्याचं तिकीट घरोघरी सापडतं. व्हिडिओत फोटो असतो दुर्मिळ तिकिटाचा आणि आशा लावली जाते साध्या तिकिटाला. १९५० नंतरच्या बहुतेक वापरलेल्या तिकिटांना सुटे रुपया-दोन रुपयेही मिळत नाहीत. मग फोन येतो, 'तुमचं तिकीट पास झालं, आधी नोंदणीचे हजार रुपये भरा, मग जीएसटी, मग कमिशन.' जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाने अशी फसवणूक इतकी झाली की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर सूचना काढावी लागली की बँक अशा व्यवहारात नाही आणि कुठलंही कमिशन मागत नाही. तिकिटाच्या बाबतीतही खूण तीच: खरा घेणारा वस्तू बघतो आणि पैसे देतो, विकणाऱ्याकडून आधी पैसे मागत नाही. क्यूआर कोड स्कॅन करून कधी पैसे मिळत नाहीत, जातात. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करायचा.

या छंदातून सरळ मार्गाने पैसे मिळण्याची एक वाट मात्र आहे. टपाल खात्याची दीनदयाल स्पर्श ही शिष्यवृत्ती सहावी ते नववीच्या मुलांसाठी आहे, वर्षाला ६,००० रुपये. शाळेत फिलाटेली क्लब असावा लागतो किंवा मुलाच्या नावाने पोस्टात फिलाटेली डिपॉझिट खातं, जे २०० रुपयांत उघडतं. प्रश्नमंजूषा आणि तिकिटांवरचा प्रकल्प यांतून निवड होते. गावातल्या शाखा डाकघरात याची माहिती असेलच असं नाही. जिल्ह्याच्या मुख्य पोस्टात विचारावं. मुंबई जीपीओ, पुणे आणि नागपूर इथल्या फिलाटेली ब्युरोत नवी तिकिटंही मिळतात.

हाताने मारलेले शिक्के आता कमी होत चालले आहेत. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिळालं, त्यावर बारकोडचं लेबल असतं, तिकीट दिसलं तर दिसलं. पण साध्या पाकिटावर तिकीट लावून ते खिडकीवर दिलं आणि 'मास्तर, शिक्का जरा नीट मारा, पोराला जमवायचाय' एवढं सांगितलं तर खेड्यातले पोस्टमास्तर सहसा नाही म्हणत नाहीत. स्वतःच्याच पत्त्यावर पाठवायचं, दोन दिवसांनी आपलंच पत्र आपल्या दारात. ३६६ पैकी एक घर भरलं. सगळ्यात उशिरा भरतं ते २९ फेब्रुवारीचं. पुढची २०२८ साली येते, वार मंगळवार आहे.